लाली आणि के-लाइन, भाग ७ : पन्नासपैकी पन्नास

मंडळी, जमलं! काल रात्री पावणेदहाला माझी गाडी लाली लिंबाखाली उभी, लॅपटॉप माझ्या मांडीवर, चावी ऑनवर. के-लाइन म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायची एक वायर. त्या वायरवरून स्क्रिप्टला सलग पन्नास वेळा गाडीशी हँडशेक, म्हणजे सुरुवातीची ओळख, करायला लावलं आणि पन्नासही वेळा शेवटी सीसी (गाडीचा होकार) आला. मागच्या भागात मी ‘दहात चार’वर, म्हणजे दहापैकी चारच वेळा होकार, अडकलो होतो हे तुम्हाला आठवत असेल. पन्नासावा सीसी दिसल्यावर घरात जाऊन आईला उठवून सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे गाडी नीट झाली का?" नाही झाली. पण आता ती बोलते.

आधी मागच्या प्रश्नांची उत्तरं. नाशिकच्या मित्राने विचारलं होतं की लालीच्या तपासणी सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिना रिकाम्या का. तिथे कॅन (नव्या गाड्यांतली दोन वायरींची संदेशवाहिनी) नाहीच. २०१० मध्ये ज्या १३ शहरांना बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं त्यांत मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं, पण त्या टप्प्यावर फक्त ओबीडी-१ची सक्ती होती (ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखायची सोय). ओबीडी-२ आलं २०१३ मध्ये. लाली २०११ची. तिचं सगळं बोलणं ७ नंबरच्या पिनवरच्या एका वायरवरून, १०४०० बॉडने (सेकंदाला तितके बिट).

दुसरं, ज्यांच्या ईएलएम ३२७ क्लोनचा (गाडी कॉम्प्युटरला जोडणाऱ्या ॲडॅप्टरची नक्कल) पोर्ट उबुंटू २२.०४ वर लावल्या लावल्या गायब होतो त्यांनी केबलला दोष देऊ नये. ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय ही सेवा क्लोनमधल्या सीएच३४० या यूएसबी चिपला ब्रेल यंत्र समजून पोर्ट ताब्यात घेते. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका, पोर्ट लगेच दिसेल. माझी यात एक अख्खी संध्याकाळ गेली होती, तुमची जाऊ नये.

आता मुख्य दुखणं. ईएलएम क्लोन सतत सेशन (गाडीशी चालू असलेलं बोलणं) सोडायचा म्हणून मी के-लाइनला थेट जोडणाऱ्या केकेएल केबलवर आलो, हे भाग ५ मध्ये लिहिलंय. ईएलएममध्ये वेळेचं सगळं गणित आतली चिप सांभाळते. केकेएल केबल बिचारी नुसती वायर. वेळ पाळायची जबाबदारी कॉम्प्युटरची. पहिला भाग सोपा गेला. ३३ (हे सगळे बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत) हा पत्ता ५ बॉडने पाठवायचा, म्हणजे एकेक बिट २०० मिलिसेकंदांचा आणि अख्खा बाइट दोन सेकंदांचा. ते पायथनमधून ब्रेक चालू-बंद करून होतं. त्यावर गाडी ५५ पाठवते, मग ई९ आणि ८एफ हे दोन की बाइट, म्हणजे ती कोणती बोली बोलते त्याची खूण. आपण ८एफ उलटा करून (प्रत्येक बिट ० चा १, १ चा ०), म्हणजे ७०, परत पाठवायचा. तो पटला तर गाडी ३३ उलटा करून सीसी देते. झाली ओळख.

माझ्याकडे ई९, ८एफ दर वेळी यायचे. ७० दर वेळी जायचा. एकच वायर असल्याने त्याचा एको परत दिसायचा, म्हणजे तो वायरवर पोचत होता याची खात्री होती. पण सीसी कधी यायचा, कधी नाही. अजिबात चालत नसतं तर परवडलं असतं. दहात चार वेळा चालणाऱ्या गोष्टीत माणूस नको तिथे शोधत बसतो. मी ४ आणि ५ नंबरचे ग्राउंड मोजले, ठीक होते. १६ वर १२.४ व्होल्ट, ठीक. सॉकेटच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या. बॅटरीला चार्जर लावला तेव्हा दहात आठ आले, आणि मी मिस्त्रीकाकांना ठामपणे सांगून मोकळा झालो की व्होल्टेजचाच प्रॉब्लेम आहे. दुसऱ्या दिवशी चार्जर तसाच लावलेला, आणि दहात तीन.

मग केबलवर संशय. पहिली ऑनलाइन मागवली होती, ‘ओरिजिनल चिप’ असं लिहिलेली. उघडली तर चिपवरचं नावच घासून काढलेलं. पुण्याला गेलो तेव्हा तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून दुसरी घेतली. तिथल्या दुकानदाराने मी न विचारताच स्क्रू काढून आतली एफटी२३२आरएल ही एफटीडीआय कंपनीची यूएसबी चिप दाखवली. माझं स्पष्ट मत आहे, जो केबल उघडून दाखवतो त्याच्याकडूनच घ्यावी, दोनशे रुपये जास्त पडले तरी. पण निकाल या केबलवरही तोच. दहात चार-पाच.

शेवटी परवा प्रत्येक बाइटपुढे तो आल्याची वेळ छापली, आणि तिथे गोष्ट सापडली. ई९ आणि ८एफ या दोघांची वेळ एकच! १०४०० बॉडने एक बाइट जायलाच जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो, वर गाडी दोन्हींमध्ये थोडी थांबते. मग एकाच क्षणी कसे येतील? वाटेत कुणीतरी त्यांची मोट बांधतंय. नोंदी पुन्हा पाहिल्या तर वेळा साधारण १६-१६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांवर पडत होत्या. हा एफटीडीआयचा लेटन्सी टायमर. चिपकडे थोडेच बाइट असतील तर ती लगेच पाठवत नाही, १६ मिलिसेकंद वाट बघून एकत्र पाठवते. मोठ्या फाइलींसाठी ते उत्तम. आपल्यासाठी घातक.

गणित मांडलं. ८एफ संपल्यावर ७० पाठवायला २५ ते ५० मिलिसेकंदांची खिडकी असते. मी मधोमध म्हणून ३७ थांबत होतो. पण माझं घड्याळ सुरू व्हायचं ८एफ माझ्यापर्यंत पोचल्यावर. तोवर टायमरने १६ पर्यंत खाल्लेले, आणि माझ्या लूपमध्ये पोर्ट दर १० मिलिसेकंदांनी तपासला जायचा, तेही धरा. म्हणजे ७० कधी ३७ ला जायचा, कधी ६३ ला. नशीब चांगलं असेल तर खिडकीच्या आत. चार्जरच्या दिवशी नशीब चांगलं होतं, एवढंच.

टायमर १ केला, पोलिंग (ते दर १० मिलिसेकंदांनी तपासणं) काढून थेट बाइटची वाट बघणारा रीड घातला, थांबा ३० वर आणला. दहात दहा. आनंदात केबल काढून पुन्हा लावली तर परत चार! केबल लावताना टायमर पुन्हा १६ वर जातो. यूडेव्हचा (यंत्र जोडताच काय करायचं ते ठरवणारी लिनक्सची सोय) नियम लिहिला, आता लावताक्षणी १ होतो. विंडोजवाल्यांना डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कॉम पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हाच आकडा बदलता येतो. केबलला शिव्या घालण्याआधी कृपया तिथे बघा.

सेशन सुटण्याचंही कोडं सुटलं. पाच सेकंद गप्प बसलं की गाडी फोन ठेवून देते. आता दर दोन सेकंदांनी ३ई, म्हणजे ‘मी अजून आहे’, पाठवतो, काल पाऊण तास एकदाही तुटलं नाही.

पहिला खरा आकडा आला कूलंटच्या तापमानाचा. ८१ हेक्स, म्हणजे १२९, त्यातून ४० वजा, ८९ अंश. इतके महिने मी या गाडीचा काटा बघत आलो, पण हा आकडा तिने स्वतः मला सांगितला. बराच वेळ नुसता बघत बसलो.

वेग मात्र सेकंदाला सात वाचनं. के-लाइनवर प्रत्येक प्रश्न-उत्तरामागे सक्तीचे थांबे आहेत, त्यामुळे यापुढे फार जाईल असं वाटत नाही. मूळ बेत होता की आता ग्राफ काढणारा भाग लिहायचा. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, वेळेचं काम लॅपटॉपकडे ठेवावंच का? एल९६३७डी ही के-लाइनची चिप आणि पिको हा एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला तर हँडशेक बोर्डच करेल, यूएसबीवरून फक्त आकडे येतील, मग टायमर १६ असो की १. कुणी ही चिप वापरली असेल तर पुल-अप रेझिस्टर किती ओमचा घातला ते सांगा, मी ५१० धरून चाललोय.

आणि ग्राफ तसाही थांबेल, कारण काल झोपण्यापूर्वी ऑक्सिजन सेन्सर पाहिला. रेस दिली की तो ०.१ ते ०.९ व्होल्ट छान झुलतो. आयडलला सोडलं की ०.१ वर बसून राहतो, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. लाली आयडललाच हिसके देते हे तुम्हाला माहीतच आहे. थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी ती हवा ओढत असणार. मिस्त्रीकाका रविवारी सकाळी आठला येतायत, पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हच्या) होजपासून सुरुवात करू. लॅपटॉप जोडलेलाच ठेवणार आहे; एकेक नळी चिमटीत दाबायची आणि ०.१ हलतो का बघायचं.