सकाळ हेला?

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. भुवनेश्वरच्या हॉटेलातल्या पलंगावर एक सव्वातीन वर्षांची मुलगी पायात चपला घालून बसली होती आणि खिडकीच्या पडद्याकडे बोट दाखवून मला विचारत होती, "सकाळ हेला?"

मला ओडिया येत नाही. न्यू जर्सीहून निघण्याआधी दोन महिने रोज रात्री भांडी आवरून झाली की मी वहीत वाक्यं लिहून पाठ करत होते. भूक लागली का, पाणी हवं का, कुठे दुखतंय का. त्यातलं एकही दुपारपासून उपयोगी पडलं नव्हतं. मी काही विचारलं की ती माझ्या ओठांकडे बघायची आणि मान फिरवायची. आणि आता जो शब्द आला, तो वहीत लिहायची गरजच नव्हती. सकाळ. आपलाच शब्द, आपल्याच ळ सकट. हिंदीत हरवलेला हा ळ ओडियानं जपलाय. फक्त शेवटचा अ ते पूर्ण म्हणतात, आपल्यासारखा गिळत नाहीत. "हेला" म्हणजे झालं, एवढं मला माहीत होतं.

सकाळ झाली का, असं ती विचारत होती. का विचारते, ते मात्र कळेना.

आमची ही दत्तक लेक. इथे तिला कुनी म्हणते, कारण आधी ती ज्या दत्तक संस्थेत होती तिथे तिला सगळे तेच म्हणायचे. ओडियात कुनी म्हणजे चिमुकली, लहानगी. माझ्या दहा वर्षांच्या मुलानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "कुणी? म्हणजे आपल्यातलंच कुणी ना?" तेव्हापासून दुसरं नाव ठेवायचा विषय निघाला नाही.

कागदांबद्दल थोडंच लिहिते, कारण दर वेळी लोक तेच विचारतात. नवरा आणि मी आता अमेरिकेचे नागरिक, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्डवाले. त्यामुळे भारतातलं मूल आमच्यासाठी परदेशातलं मूल. आंतरदेशीय दत्तकाबद्दलचा १९९३ चा हेग करार, भारतानं तो २००३ मध्ये मान्य केला, त्यामुळे सगळं दिल्लीच्या 'कारा' या सरकारी दत्तक यंत्रणेमार्फत. आमच्या दोघांच्या वयांची बेरीज ८८ होती, आणि ९० च्या आत असली तर चार वर्षांपर्यंतचं मूल मिळू शकतं. त्याच्या वर गेलात की मूल आणखी मोठं. अमेरिकेच्या बाजूनं आय-८००ए नावाची मंजुरी लागते. ती पंधरा महिने चालते, मग मुदतवाढ. वाट बघण्यात आमची तीही करून झाली. एक गोष्ट मात्र बरी झाली आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आमचा नोव्हेंबरात निघाला, कुनीचा पासपोर्ट झाला आणि जानेवारीत आम्ही विमानात बसलो. पुण्याहून सासूबाई थेट भुवनेश्वरला आल्या. सोबत अर्धी बॅग तिळाचे लाडू.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही संस्थेत पोहोचलो. ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर जगन्नाथाचं कॅलेंडर, टेबलावर आमची फाइल. कुनीला एका माउसीनं कडेवर घेऊन आणलं. तिथे सांभाळणाऱ्या बायकांना माउसी म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. नवा पिवळा फ्रॉक, दोन इवलेसे बुचडे आणि त्यांना लाल रिबिनी. इतक्या घट्ट आणि नेटक्या बांधलेल्या की बघताक्षणी कळत होतं, या बाईनं हे केस रोज विंचरले आहेत.

कुनीचं तोंड माउसीच्या खांद्यात. आम्ही सह्या केल्या. सासूबाईंनी तिच्या हातावर लाडू ठेवला, तिनं मूठ मिटली. मग माउसी वाकली, तिच्या कानात काहीतरी बोलली, तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि मागे न बघता खोलीबाहेर गेली.

कुनी रडली नाही. अगदी गप्प बसली. कार्यकर्त्या ताई हसून म्हणाल्या, "बहुत समझदार बच्ची है." मलाही तसंच वाटलं. इतकं बरं वाटलं की गाडीत बसल्या बसल्या मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'अजिबात रडली नाही आमची परी!' ते वाक्य आज वाचवत नाही.

दिवसभर ती तशीच. अर्धं केळं खाल्लं. लाडू मुठीतच होता. संध्याकाळी मी हळूच बोटं उघडली तेव्हा गूळ विरघळून तळहाताला तीळ चिकटले होते. रिबिनीला हात लावू देईना. साडेनऊला झोपली आणि साडेअकराला उठून बसली, खाली उतरून चपला घातल्या आणि पुन्हा पलंगावर चढली. तेव्हापासून दर थोड्या वेळानं तेच. सकाळ हेला?

शेवटी मी खाली रिसेप्शनला फोन केला. रात्रपाळीचा मुलगा वर आला, विशीतला, स्वेटर घातलेला. दारातच गुडघ्यावर बसला आणि तिच्याशी ओडियात बोलला. आणि जी मुलगी बारा तास गप्प होती, ती बोलायला लागली. केवढं बोलली! हात हलवून, श्वास न घेता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, उठला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैडम, बोल रही है माउसी ने कहा है, सकाळे आसिबि. सवेरे आएगी, लेने."

कानात सांगितलं होतं ते हे.

त्या बाईवर राग धरणं मला जमलं नाही. तिनं तिला कितव्या महिन्यापासून सांभाळलं असेल ते मला फाइलवरून माहीत आहे, पण ती हकीकत कुनीची आहे, इथे लिहिणार नाही. पोर शांतपणे जावी म्हणून तिच्या तोंडून जे निघालं ते निघालं. राग आला तो आमचा, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं हे असंच चालू दिलं त्या मोठ्या माणसांचा. पोलिसांच्या दाखल्यापासून बँकेच्या स्टेटमेंटपर्यंत सगळं तपासलं गेलं. ताटातूट कशी करायची, हे मात्र कुणी विचारलंही नाही. मीही विचारलं नाही.

जानेवारीत भुवनेश्वरला साडेसहाच्या आतबाहेर उजाडतं. मी आयुष्यात कधी उजाडण्याला घाबरले नव्हते. पडद्याच्या कडेनं आधी राखाडी आणि मग पिवळट रेघ आली. कुनीनं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि यावेळी विचारलं नाही, सांगितलं. "सकाळ हेला." मग उतरली, दाराशी गेली आणि उभी राहिली. एक हात दाराला टेकवून. बाहेर लिफ्टचा आवाज झाला की टाचा उंचावायची. चाळीस मिनिटं. मी मागे जमिनीवर बसले होते. जवळ गेले की ती सरकून पुढे व्हायची.

मग ती रडली. मी आजवर ऐकलेलं कुठलंच लहान मुलाचं रडणं तसं नव्हतं. "माउसी पाखकु जिबि," म्हणजे माउसीकडे जायचंय, एवढंच, पुन्हा पुन्हा, आवाज बसेपर्यंत. शेजारच्या खोलीतून माझा मुलगा आला आणि भिंतीला टेकून तोही रडायला लागला. नवरा त्याला घेऊन बाहेर गेला.

मी संस्थेत फोन केला की आम्ही तिला भेटवायला आणतोय. तिकडून उत्तर आलं की नका आणू, जखम पुन्हा उघडी पडेल, दोन दिवसांत विसरते, सगळीच विसरतात. आणि मी, भर विशीत घर सोडून परदेशी गेलेली बाई, क्षणभर 'बरं' म्हणणार होते. सासूबाईंनी ते ऐकलं. त्या वरणभातासारखा डालमा-भात बोटांनी कालवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, लेक सासरी जाते तेव्हासुद्धा रडून-भेटून पाठवणी करतात. हिला का चोरून आणल्यासारखं आणायचं?"

त्या एका शब्दानं मला धीर आला. पाठवणी. मी परत फोन केला आणि हट्ट धरला. अर्धा तास मिळाला, तिसऱ्या दिवशी, त्याच ऑफिसात.

मला वाटलं होतं, कुनी धावत जाऊन बिलगेल. तसं झालं नाही. माउसी दारातून आली आणि कुनीनं माझ्या साडीत तोंड खुपसलं. बघेचना. रुसली होती. सांगून आली नाही म्हणून तीन दिवसांचा राग होता तो. माउसीनं हाक मारली नाही. खाली फरशीवर बसली, पदरातून कंगवा आणि तेलाची छोटी बाटली काढली, आणि कंगव्यावर नख फिरवून कर्रर्र आवाज केला. दोनदा. कुनी माझ्या साडीतून निघाली, पाठमोरी चालत गेली आणि तिच्या मांडीत बसली.

तीन दिवसांत रिबिनीची गाठ केसांत गुंतून पार गोळा झाला होता. माउसीनं ती ओढली नाही. गाठीत तेलाचं एक बोट फिरवलं, कंगव्याच्या टोकानं एकेक केस सोडवला. मग मला जवळ बसायला सांगितलं. ताईंनी हिंदीत सांगितलं, "देखिए, सिखा रही है." भांग उजवीकडून पाडायचा, कारण डावीकडे भोवरा आहे. कानामागे कंगवा हळू, तिथे तिला गुदगुल्या होतात. रिबिनीला दोन वेढे, मग फूल. एक बुचडा तिनं घातला, दुसरा माझ्याकडून घालून घेतला. माझा सैल झाला. तिनं तो सोडला नाही, तसाच ठेवला.

मग तिनं कुनीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सावकाश बोलली. "मा पाखरे रहिबु. मुँ एठि रहिबि." तू आईजवळ राहशील, मी इथे राहीन. ती बोलत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं ते पुसलंही नाही. निघताना उरलेली रिबीन गुंडाळून माझ्या पर्समध्ये घातली. सासूबाईंनी तिची ओटी भरली. तांदूळ आणि नारळ सकाळी युनिट-टूच्या मार्केट बिल्डिंगमधून आणला होता.

गाडीत कुनी पुन्हा रडली, खूप. पण त्या रात्री चपला काढून झोपली.

पुढचे दिवस भरभर गेले. एक दिवस पुरीला जाऊन आलो. रथयात्रेच्या परतीच्या वाटेवर जगन्नाथाचा रथ माउसी माँच्या देवळापाशी थांबतो आणि देव तिथे पोडपिठा, म्हणजे भाजलेला गोड पिठा, खातो, हे ड्रायव्हरनं सांगितलं. सासूबाई त्या देवळापुढे बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. उदयगिरीच्या हाथीगुंफेत कलिंगच्या खारवेल राजाच्या लेखात आपल्या सातवाहन सातकर्णीचा उल्लेख आहे हे मी मुलाला मोठ्या उत्साहानं दाखवायला नेलं, तर तो आणि कुनी खाली माकडं मोजत बसले. ती त्याला भाई म्हणायला लागली होती.

हॉटेलात तेव्हा पुरी-कोणार्क करायला आलेला मराठी ग्रुप उतरला होता. नाश्त्याला त्यातल्या एका काकूंनी चौकशी केली आणि कळल्यावर हात जोडून म्हणाल्या, "केवढं पुण्याचं काम केलंत हो! नशीब काढलं पोरीनं." चांगल्या मनानं म्हणाल्या, पण हे मला मुळीच सहन होत नाही, आणि ते कुनीच्या कानांवर वर्षानुवर्षं पडणार आहे या विचारानं घास उतरेना. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पुण्य कसलं त्यात? माझी नात आहे, न्यायला आलेय." आणि तिच्या तोंडात इडली भरवली.

दिल्लीत आठवडा गेला. वैद्यकीय तपासणी, दोन वर्षांवरच्या मुलांना लागणारी क्षयाची रक्तचाचणी, मग चाणक्यपुरीत दूतावास. दत्तक मुलांना मिळणारा आयएच-३ व्हिसा हातात आला तेव्हा बाहेर दाट धुकं होतं आणि कुनी नवऱ्याच्या खांद्यावर झोपली होती.

न्यू जर्सीत पोहोचलो तर अंगणात गुडघाभर बर्फ. पहिले दहा-बारा दिवस ती रात्री तीनला टक्क जागी व्हायची आणि विचारायची, सकाळ हेला? मी म्हणायचे, नाही गं, झोप. महिन्यातून एकदा संस्थेच्या फोनवरून माउसीशी व्हिडिओवर बोलणं होतं. माउसी आधी बुचडे बघते. माझे अजूनही सैलच होतात.

आता कुनी "सकाळ झाली?" असं विचारते. 'हेला' कधी गेलं, माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं त्या दिवशी मी फार अस्वस्थ होते. तेव्हापासून तिला उठवताना पडदा सरकवते आणि मीच म्हणते, "कुनी, ऊठ. सकाळ हेला."