मग पळाला का न्हाई?

आबा महिनाभरासाठी ब्रुसेल्सला आलेत. पाऊस, ट्राम, बेल्जियन चॉकलेट सगळं बघून झालं. एकच प्रश्न त्यांनी आठवडाभर लावून धरलाय: "आरं, मग पळाला का न्हाई तो?"

तो म्हणजे काउंट एग्मोंट.

शहराच्या मुख्य चौकात, ग्रँड प्लासवर, नगरपालिकेच्या उंच मनोऱ्यासमोर एक काळपट, नक्षीदार इमारत आहे. तिथं ५ जून १५६८ रोजी एग्मोंट आणि हॉर्न या दोन सरदारांची मुंडकी उडवली. गुन्हा राजद्रोह. आज त्याच फरसबंदीवर लोक वाफल खात सेल्फी काढतात. आबांनी हातातलं वाफल कागदात गुंडाळून खिशात टाकलं.

गंमत अशी की एग्मोंट बंडखोर नव्हताच. तेव्हा हा मुलूख स्पेनच्या राजाचा, दुसऱ्या फिलिपचा. त्याच्यासाठी एग्मोंटनं १५५७ मध्ये सेंट क्वेंटीनला आणि पुढच्याच वर्षी ग्रॅव्हलीनला फ्रेंचांना धूळ चारली होती. त्याचं म्हणणं एवढंच, की धर्माच्या नावाखाली माणसं जाळू नका आणि आमचे जुने हक्क राखा. ते सांगायला तो १५६५ मध्ये थेट माद्रिदला जाऊन आला. गोड बोलून त्याला परत पाठवलं. पुढच्या वर्षी प्रोटेस्टंट लोकांनी कॅथलिक चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, आणि राजानं ड्यूक ऑफ आल्बाला फौज देऊन इकडं धाडलं.

त्याच्याच बरोबरीचा सरदार, ऑरेंजचा विल्यम शहाणा. तो वेळेवर जर्मनीत सटकला. एग्मोंट राहिला. ९ सप्टेंबर १५६७ ला त्याला आणि हॉर्नला बोलावून घेतलं आणि अटक केली. दोघंही 'गोल्डन फ्लीस' या मानाच्या पंथाचे सरदार, म्हणजे त्यांचा न्याय त्याच पंथातल्या बरोबरीच्यांनी करायचा असा नियम. आल्बानं नियम गुंडाळून ठेवला आणि स्वतःचं न्यायमंडळ बसवलं. लोक त्याला 'रक्ताचं मंडळ' म्हणायचे. मरायच्या आधी एग्मोंटनं पत्र लिहिलं ते त्याच राजाला, आपल्या निष्ठेची ग्वाही देत.

"निष्ठा हुती म्हणूनच ऱ्हायला," मी म्हटलं.

"तेच की. आपल्या चिमासाहेबांगत."

आता खरं सांगतो. कोल्हापूरच्या चिमासाहेब चौकातून मी कॉलेजला रोज ये-जा केली. माझ्यासाठी ते नाव म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. ब्रुसेल्सच्या बाकड्यावर बसून आबांनी मला १८५७ सांगितलं: ३१ जुलैला कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीचा उठाव, पकडलेल्या शिपायांना तोफेच्या तोंडी देणं, आणि छत्रपती बाबासाहेबांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय. त्यांना पार कराचीला नेऊन ठेवलं. १८६९ मध्ये तिथंच गेले. मुंडकं उडवलं नाही, एवढाच काय तो फरक.

एग्मोंट-हॉर्नचा पुतळा आता प्ती साब्लों या छोट्या बागेत आहे. आधी ग्रँड प्लासवरच होता, नंतर इकडं हलवला. वधस्थळाकडं निघालेले दोघं, खाली कारंजं. बागेच्या कठड्यावर ४८ छोटे पुतळे, एकेक जुन्या कारागिरांच्या संघाचा. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, उभा जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? आबा खांबाखांबाशी थांबून हातातलं हत्यार निरखत होते.

मागच्या अर्धगोलात विल्यमचाही पुतळा आहे. मी दाखवला.

"हाच का पळालेला?"

"हाच. बाहेरनं फौज जमवून आला. त्याचं बंड पुढं ऐंशी वर्षं चाललं. १६४८ मध्ये उत्तरेकडचा हॉलंड सुटला, हे ब्रुसेल्स मात्र स्पेनकडंच राहिलं."

"आन् ह्याचं काय झालं?"

"१५८४ मध्ये डेल्फ्टला राहत्या घरात गोळी घातली."

आबा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. "म्हंजे ह्योबी गेलाच." मग टोपी सारखी करून कठड्याकडं वळले. "चल, पायताणं करणारा अजून सापडला न्हाई."