टेबल सॉचा स्लेड आणि खाचेत अडकलेले दोन महिने

टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणारे यंत्र. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या मायटर गेजची, म्हणजे लाकूड कोनात धरून पात्याकडे सरकवण्याच्या साधनाची, टेकण आखूड असते आणि रुंद फळी तिच्यावर डगमगते, त्यामुळे बहुतेक जण पहिला जिग (कापताना लाकूड नेमके धरणारे साधन) म्हणून काटकोनी काप देणारा स्लेड, म्हणजे लाकूड घेऊन टेबलावर सरकणारी पाटीच करतात. मीही तेच ठरवले. १२ मिलिमीटर प्लायवूडचा तळ आणि पुढे-मागे दोन जाड आडव्या टेकणी, एवढे काम पटकन उरकले. खरा खोळंबा झाला तो स्लेडच्या खाली बसणाऱ्या पट्ट्यांपाशी. टेबलावरच्या खाचेतून याच पट्ट्या सरकतात आणि त्या किंचितही सैल असतील, तर वरचा काटकोन कितीही नेमका असला तरी काप वाकडा येतो.

माझ्या यंत्राची खाच पाऊण इंची, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर रुंद आहे. बाजारात लोखंडी पट्टी मिळते ती २० मिलिमीटरची, तीही कडा गोलसर असलेली. ती मिलिंग मशीनवर घासून १९ पर्यंत उतरवून घ्यावी म्हणून मी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये गेलो. मालकांनी मोजमाप लिहून घेतले, "परवा या, साहेब," म्हणाले, आणि तेथून पुढे प्रत्येक फेरीला परवाच उगवत राहिला. कधी पॉवरलूमच्या सुट्या भागांची मोठी ऑर्डर आडवी यायची, कधी कारागीर रजेवर असायचा. जानेवारीत तर आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत काही विचारूच नका, असे सरळ सांगण्यात आले. दोन पट्ट्यांसाठी मशीन लावणे त्यांना परवडत नसावे, हे मला समजत होते. मात्र पहिल्याच दिवशी नाही म्हटले असते तर माझे दोन महिने वाचले असते, ही चरफड अजूनही जात नाही.

अखेर शेजारच्या वयस्कर मिस्त्रींनी मार्ग दाखवला. "लोखंडाच्या मागे कशाला लागलात? सागवान आहे ना घरात," असे म्हणून त्यांनी जुन्या चौकटीतला एक तुकडा निवडला, आणि निवडताना टोकाकडून त्याची वर्तुळे पाहिली. ज्या तुकड्यात वाढीच्या रेषा उभ्या असतात, तो दमट हवेत रुंदीने कमी फुगतो. पट्टी खाचेपेक्षा केसभर जाड कापायची, मग रंध्याचा एकेक हलका हात देत उतरवायची. खाचेच्या कडांवर पेन्सिल घासून पट्टी आत सरकवली की जिथे ती घासते तिथे काळा डाग उमटतो. तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासायची. शेवटी मेणबत्तीचे मेण चोळायचे. दुपारभरात ते जमले आणि स्लेड आवाज न करता सरकला, तेव्हा मशीन शॉपला मनोमन चार शब्द सुनावल्याचे मी नाकारत नाही.

पट्ट्या तळाला जोडताना खाचेत आधी नाणी ठेवावीत, म्हणजे पट्टी टेबलाच्या पातळीपेक्षा किंचित वर राहते. वर गोंद लावून, प्लायवूडची कड फेन्सला (टेबलावरच्या पात्याला समांतर आडीला) टेकवून तळ दाबून ठेवावा. नंतर स्क्रू मारण्यापूर्वी बारीक भोक पाडणे आवश्यक आहे, अन्यथा स्क्रूच्या दाबाने सागवान बाजूंना फुगते आणि उत्तम बसलेली पट्टी पुन्हा खाचेत आवळते.

काटकोन नुसत्या गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) तपासून भागत नाही. चौकोनी तुकडा घेऊन, कापलेली बाजू दर वेळी टेकणीला लावत चारही बाजू कापाव्यात आणि पाचव्यांदा पहिलीच बाजू पुन्हा कापून निघालेली चिरफळी दोन्ही टोकांना वर्निअरने (बारीक जाडी मोजणाऱ्या मापकाने) मोजावी. चूक चौपट होऊन येत असल्यामुळे ती डोळ्यांना दिसते. समजा, ४०० मिलिमीटर लांब चिरफळीच्या दोन टोकांत ०.८ मिलिमीटरचा फरक आला, तर ४०० मिलिमीटरमागे खरी चूक ०.२ मिलिमीटर आहे. टेकण एका स्थिर स्क्रूभोवती फिरते; तिचे दुसरे, सरकते टोक त्या स्क्रूपासून ६०० मिलिमीटरवर असल्यास ते ०.३ मिलिमीटरने सरकवावे लागते. एवढी फट मोजायला गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच, पुरतो.

सोलापूरच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात बसवलेली पट्टी पावसाळ्यात जड सरकू लागते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये काम करणाऱ्यांनी ती जराशी सैल ठेवावी.

एक गोष्ट मात्र आधीच लिहायला हवी होती. स्लेडच्या ज्या टेकणीतून पाते आपल्या बाजूला बाहेर येते, तिच्यामागे जाड ठोकळा चिकटवून लाल रंगवावा, म्हणजे अंगठा तिकडे जात नाही. तसेच स्लेड वापरताना तुकड्याचे दुसरे टोक फेन्सला टेकवू नये. कापलेला भाग पाते आणि फेन्स यांत अडकला, तर तो वेगाने आपल्याच अंगावर फेकला जातो. एकसारख्या लांबीचे तुकडे हवे असतील, तर स्लेडच्या टेकणीवरच क्लॅम्पने अडसर लावावा.