ग्लेन एस्क: गार्नेटपर्यंत सुखात, पुढे घात

स्कॉटलंडमधल्या ग्लेन एस्कमध्ये भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरोचे पट्टे, म्हणजे खडक जमिनीत किती तापले-दाबले गेले ते खनिजांवरून दाखवणारे टप्पे, बघायला जाणार असाल, तर ‘एक खनिज संपलं की दुसरं सुरू’ हे डोक्यातून काढूनच निघा. क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट हा क्रम खरा आहे. १८९३ मध्ये बॅरोने तो मांडायला घेतला. पण पट्ट्याला नाव मिळतं ते खनिज पहिल्यांदा दिसतं तिथे. गार्नेट पार सिलिमनाइटपर्यंत सोबत येतं.

हायलँड सीमाभ्रंशापासून (डोंगराळ हायलँडच्या कडेची मोठी भेग) वायव्येकडे जाताना सुरुवातीचे पट्टे सोपे आहेत. फक्त स्लेटची (पातळ पापुद्र्यांत फुटणाऱ्या खडकाची) पानं म्हणजे मूळ थर समजू नका. ती दाबाच्या काटकोनात नव्याने वाढलेल्या अभ्रकाची आहेत, थरांना सर्रास तिरकी छेदतात.

वैताग येतो तो गार्नेटनंतर. स्टॉरोलाइट सापडतच नाही! खडकात अॅल्युमिनियम भरपूर असल्याशिवाय ते बनत नाही, तापमान कितीही योग्य असो. इथे वाळूचे थर जास्त आणि त्यांत जन्मभर शोधलं तरी काही मिळणार नाही. मूळ चिखलाचे, अभ्रकाने चमचमणारे थर गाठा आणि झिजलेला पृष्ठभाग बघा. स्टॉरोलाइट तिथे तपकिरी, आखूड कांड्यांसारखं वर आलेलं असतं. ताज्या तुकड्यात ते अभ्रकात हरवतं, त्यामुळे हातोडी चालवणं व्यर्थ.

याच टप्प्यात दुसरी फसगत: गार्नेटभोवती हिरवी कड. क्लोराइटचा पट्टा परत आला असं वाटेल. आला नाही. खडक थंड होताना पाणी शिरलं की गार्नेटच कडेने क्लोराइट होतं. अशा जागी १० पट भिंगातून गाभा तपासा. गार्नेटच्या आत अडकलेल्या कणांची रांग बाहेरच्या पानांशी जुळत नसेल, तर गार्नेट आधी वाढलं आणि पानं नंतर पुन्हा दुमडली किंवा वळली.

कायनाइटला चाकू लावा. निळसर पात्याच्या लांबीत ओरखडा उठतो, आडवा उठत नाही. लांबीत काठिण्य सुमारे ५, आडवं सुमारे ७. एवढी सोपी खूण दुसऱ्या कुठल्या खनिजाला नाही.

सिलिमनाइटचे मोठे स्फटिक शोधत बसू नका. बायोटाइटमध्ये रेशमाच्या गुंत्यासारखे पांढरे तंतू दिसले की पोहोचलात.