साडेसहाचा फोन

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आई शिकागोला आली. तिसऱ्याच दिवशी खिडकीतून बाहेर बघत तिनं विचारलं, "काऊन व बाई, इथल्या घराइत मानसं रायतात का नाई?"

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या आमच्या गावात अंगणात सडा टाकता टाकता चार जणींशी बोलणं होतं. इथं गॅरेजचं दार वर जातं, गाडी निघते, दार खाली येतं. झालं. आम्ही दोघं कामावर, पोरं दिवसभर समर कॅम्पला, आणि आई सोफ्यावर बसून खिडकीबाहेरच्या खारी मोजत. दूध गॅसवर ठेवून विसरायचं, एकच गोष्ट जेवताना दोनदा सांगायची, हे गावीही थोडं होतंच. इथं ते वाढल्यासारखं वाटायला लागलं.

सुटका केली समोरच्या घरातल्या ऐंशी ओलांडलेल्या बाईंनी. त्या दर मंगळवारी सीनियर सेंटरला, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या विरंगुळा केंद्राला जातात. एका मंगळवारी आईला खुणेनंच गाडीत बसवलं आणि घेऊन गेल्या. बिंगो खेळायला! म्हणजे आपल्या हौजीसारखा, पुकारलेले आकडे खोडायचा खेळ. आईला इंग्रजीचा गंध नाही. पण एसटी, रेशनकार्ड आणि मोबाइल यांनी आकडे वाचायला शिकवलेले. प्रश्न फक्त ते कानानं ओळखायचा होता. घरी नातू एक ते पंच्याहत्तर म्हणायचा आणि ही पोळ्या लाटता लाटता मागं म्हणायची. तरी एकदा 'सेव्हंटीन' आणि 'सेव्हंटी' यांत गफलत झाली, आईनं भलत्याच वेळी "बिंगो!" म्हणून आरोळी ठोकली आणि अख्खं टेबल हसून लोटपोट. सगळ्यांत जास्त आईच हसत होती म्हणे. त्या दिवसापासून कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाचा मुलगा भेटायला येत नाही, सगळी खबर आमच्या जेवणाच्या टेबलावर. भाषेवाचून तिला हे कसं कळायचं, मला अजून उमगलेलं नाही.

गंमत म्हणजे याच शिकागोत रश विद्यापीठ १९९७ पासून म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करतंय. दरवर्षी तपासणी, आणि मेल्यावर मेंदू दान करायची आधीच कबुली. माणसांत मिसळण्याविषयी ते सहा प्रश्न विचारतात: नातेवाइकांकडे जाता का, देवळात-चर्चमध्ये जाता का, असे. त्यातल्या एकात चक्क बिंगोचं नाव आहे. २०२५ मध्ये त्यांनी १,९२३ जणांचा हिशेब मांडला. सगळ्यांत कमी मिसळणाऱ्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सगळ्यांत जास्त मिसळणाऱ्यांपेक्षा सरासरी पाच वर्षं आधी गाठतो, असं दिसलं.

अर्थात हे उलटंही असू शकतं. ज्याची आठवण आतून ढासळायला लागली तो आपणच लोकांत जायचं टाळतो. नाव आठवलं नाही तर फजिती होईल म्हणून. संशोधकही ही शंका मान्य करतात. पण गप्पा मारणं हे डोक्याला काय साधं काम आहे? समोरच्याचं ऐकायचं, त्याची सून कोणत्या गावची ते आठवायचं, तो चिडलाय का थट्टा करतोय ते ताडायचं, आणि आपली पाळी येईपर्यंत आपलं वाक्य धरून ठेवायचं. एकट्यानं टीव्ही बघताना यातलं काहीच करावं लागत नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, आपल्या खेड्यात माणसांना काय तोटा? मीही असंच म्हणायचे. पण भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे शंभरात सातांहून जास्त; आणि त्यात प्रमाण बायकांत जास्त, खेड्यात जास्त. शिक्षण कमी मिळणं हे एक मोठं कारण आहेच. पण आईचंच बघा. बाबा गेले तशी हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. कुणी भांडलं नाही, कुणी हाकललं नाही, नुसतं बोलावणं थांबलं. माझ्या मते ही रीत आता मोडायलाच हवी, आणि ती मोडणं सवाष्णींच्याच हातात आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असा की गुडघे दुखणारी बाई उंबरा ओलांडत नाही. भाऊ नागपूरला. उरली ती संध्याकाळची, हनुमानाच्या देवळापुढची सामुदायिक प्रार्थना. तुकडोजी महाराजांची भजनं, खंजिरी, आणि नंतरच्या तासभर गप्पा. खऱ्या तर त्या गप्पाच.

आणि तीच मी बंद पाडली.

आई गावी परतल्यावर मी रोज सकाळी आठला, ऑफिसला निघण्याआधी फोन करायचे. हिवाळ्यात तेव्हा गावी संध्याकाळचे साडेसात असतात. प्रार्थना उरकून आई घरी आलेली असायची. मार्चमध्ये इथली घड्याळं एक तास पुढं सरकतात. माझे आठ ते आठच राहिले, तिकडे मात्र साडेसहा वाजायला लागले. ऐन प्रार्थनेची वेळ. आई एका शब्दानं बोलली नाही. मोबाइल मांडीवर घेऊन घरी बसून राहायला लागली, पोरीचा फोन चुकू नये म्हणून. आणि मी इकडे खूश, की आई पहिल्याच रिंगला उचलते.

एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंनीच सुनावलं, "तुया फोनापाई तुयी माय पराथनेले येत नाई, बाई."

तेव्हापासून मी रात्री साडेनऊला फोन करते, गावी सकाळचे आठ. आता बोलणं आधीच्या निम्म्यावर आलंय. तिला घाई असते.

परवा तर रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. मी दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला, छातीत धडधडायला लागलं. शेवटी काकूंच्या नातीनं उचलला.

"आजी त तिकडच्या आळीत शेवया-सरगुंडे कराले गेली. फोन ओट्यावरच रायला तिचा."