आधी वाचा, मग अंगठा

“भाऊ, मागच्या सभेत काय ठरलं ते आधी वाचून दाखवा. मग अंगठा देते.”

आज ग्रामसभेत हजेरीचं रजिस्टर फिरत होतं, तेव्हा एक आजी हे बोलल्या. ग्रामसेवकांनी समजावलं, “आजी, ही नुसती हजेरी आहे.” आजींनी रजिस्टर मिटून मांडीवर ठेवलं आणि बसून राहिल्या. शेवटी इतिवृत्त वाचावंच लागलं. त्यात स्मशानभूमीच्या रस्त्याचा ठराव निघाला, बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. मग मात्र एकेक जण बोलायला लागला.

मागून कुणीतरी पुटपुटलं, “हिला काय करायचंय?” ते काही डोक्यातून जात नाहीये.

७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. खुर्ची कायद्याने मिळाली. भर सभेत उठून विचारायचा धीर मात्र हळूहळूच येतो. आणि विचारणाऱ्याला गप्प न बसवणं? ते शिकायला आम्हा बाकीच्यांना त्याहून जास्त वेळ लागतोय.

तुमच्या गावात मागचं इतिवृत्त सगळ्यांसमोर वाचतात का?