माउली, पाय दाखवा

माउलींच्या पालखीत आमची दिंडी रथामागे चालते. मुक्कामाला हरिपाठ झाला की तंबूच्या तोंडाशी सतरंजी टाकायची, गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि मलमपट्टीची पेटी उघडायची, ही रीत आजीने लावली. आजी आता नाही, पण पेटीतली प्रत्येक वस्तू अजून तिने ठरवलेल्या जागीच असते.

आजी सरकारी आरोग्य उपकेंद्रावर ए.एन.एम., म्हणजे परिचारिका-सुईण होती. लोक तिला नर्सबाई म्हणत. पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र. तिथली बाळंतपणं, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, विहिरीचं पाणी शुद्ध करायची टीसीएल (क्लोरीनची) पावडर, सगळं तिच्याकडे. पावसाळा हा साथीचा हंगाम, त्यामुळे ज्येष्ठ-आषाढात रजा मागायची सोयच नव्हती. आजोबा दिंडीचे वीणेकरी. ते दरसाल चालायचे, ती गावात राहायची. त्यांना मधुमेह होता. ते परत आले की ती आधी त्यांचे पाय मांडीवर घ्यायची. फोड कुठे आला, कोणत्या मुक्कामाला आला, त्यावर कोणी काय लावलं, हे सगळं विचारून वहीत लिहायची. त्या वहीतूनच पेटीची यादी तयार झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर ती स्वतः चालायला लागली, तेव्हा वाट तिला आजोबांच्या तळव्यांवरून आधीच पाठ झालेली होती.

तयारी प्रस्थानाच्या महिनाभर आधी सुरू होते. वारीसाठी नवे बूट किंवा चपला घ्यायच्या नाहीत. निदान दोन-तीन महिने वापरलेलं, अर्धा नंबर मोठं पायताण हवं, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात आणि सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी बोटं दाबतो. रबरी चपलेचा अंगठा ओला झाला की पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात कातडं जातं. नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत, नाहीतर उतारावर नख मांसात रुततं. निघण्याच्या आदल्या दिवशी ती सगळ्या नातवंडांना ओळीने बसवून नखं तपासायची, घरी राहणाऱ्यांचीसुद्धा. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या वारीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्यायच्या. त्यातल्या निम्म्या आपल्या पिशवीत ठेवायच्या आणि निम्म्या दिंडीच्या ट्रकमध्ये, म्हणजे एक पिशवी भिजली तरी दुसरी असते. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.

आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान होतं. पुण्यातले मुक्काम झाले की सासवडचा टप्पा येतो. वारीतली ही सर्वांत लांब चाल, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि वडकी नाल्याच्या पुढे दिवे घाटाची चढण. बहुधा त्याच दिवशी वद्य एकादशी असते. म्हणजे चाल मोठी, चढ मोठा आणि पोटात फक्त साबुदाणा किंवा भगर. आजीला सगळ्या वारीत याच दिवसाची काळजी असायची. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणारा वारकरी सकाळी सवयीने गोळी घेतो, खात मात्र नाही, आणि घाटात त्याची साखर उतरते. घाम, थरथर आणि धाप घाटात सगळ्यांनाच असते, त्यामुळे नुसतं पाहून कळत नाही. यासाठी तिची एक युक्ती होती. शंका आलेल्या माणसाजवळ जाऊन ती म्हणायची, "माउली, या अभंगाचं पुढचं चरण म्हणा." जन्मभर पाठ असलेलं चरण अडखळलं की ती त्याला तिथेच बाजूला बसवायची. आम्ही आजही हेच करतो.

मग साखर तपासायची, पण आधी बोट पाण्याने धुऊन कोरडं करायचं. राजगिऱ्याचा लाडू खाल्लेल्या चिकट बोटाचं रक्त घेतलं तर यंत्र साखर जास्त दाखवतं आणि खरा धोका लपतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, ओलाव्याने पट्ट्या खराब होतात. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच साखर. वाढली की केळं किंवा लाडू. यंत्र हाताशी नसेल तर वाट न बघता साखर द्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा. उपास मोडेल म्हणून कोणी नको म्हणालं तर आजी वाद घालत नसे. साखर उपासाला चालते, एवढंच सांगून पेला पुढे करायची.

संध्याकाळच्या रांगेलाही क्रम आहे. स्वच्छ फोड आणि खरचटलेले पाय आधी, पू झालेले शेवटी. उलट केलं तर एकाच्या पायातला पू आपल्या हाताने दुसऱ्याच्या पायात जातो. प्रत्येकाला नवे हातमोजे, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसायची. ती समोर बसून म्हणायची, "माउली, पाय दाखवा." वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात. ती तो पाय हातात घेऊन उजेडात फिरवून बघायची, बोटांच्या मधेसुद्धा.

लहान फोड फोडायचा नाही. त्यावर गॉज ठेवून चिकटपट्टी लावायची, ती वळ्या न पडता, कारण वळी हीच दुसऱ्या फोडाची सुरुवात असते. टाचेवर मोठा, ताणलेला फोड असेल आणि चालणं अशक्य असेल तरच पाय धुऊन, पोव्हिडोन आयोडीन लावून, निर्जंतुक सुईने खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचायचं आणि पाणी गॉजने दाबून काढायचं. वरचं कातडं सोलायचं नाही, तेच उत्तम झाकण आहे. मधुमेही माणसाचा फोड आपण टोचायचा नाही, तो डॉक्टरांकडे. दिंड्यांमधून फोडात सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवायची जुनी पद्धत आहे. आजीला ती मुळीच मान्य नव्हती. दोऱ्यावरून पाणी बाहेर येतं तशी रस्त्याची घाण आतही जाते. हळद, मिसरी, टूथपेस्ट लावलेले पाय येतात, ते आधी धुण्यातच निम्मा वेळ जातो.

मधुमेह्याला अनेकदा दुखतच नाही, हाच मोठा धोका. तापलेल्या डांबरावर अनवाणी चालून तळवा भाजला तरी तो अभंग म्हणत पुढे जातो. म्हणून अशांची वेगळी यादी असते आणि तक्रार असो वा नसो, त्यांचे पाय रोज बघायचेच. त्यांना गरम पाण्यात पाय बुडवू द्यायचे नाहीत, पाणी किती कढत आहे ते त्यांना कळत नाही. पोटरी चोळून मागणारे पुष्कळ असतात. मात्र एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर चोळायची नाही, तेल लावायचं नाही. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते, त्याला थेट दवाखान्यात पाठवायचं.

नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण करत जाताना पाऊस लागला की चिखल्या सुरू होतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, भेगाळतात, खाजतात. दिवसभर ओले राहिलेले मोजे हे कारण. विसाव्याला पायताण काढायचं, बेचक्या कोरड्या कापडाने टिपायच्या, मोज्यांचा कोरडा जोड घालायचा आणि बुरशीचं मलम लावायचं. रात्री पायाला तेल लावलं तरी बेचक्यांत नाही. ओल्या धोतराने किंवा नऊवारीच्या काष्ट्याने मांड्या घासतात, तिथे निघण्याआधीच व्हॅसलीन लावायचं. बायका हे सांगायला लाजतात. आजीमुळे त्या सांगू लागल्या, आणि दुसरंही एक सांगू लागल्या: वाटेत आडोसा नसतो म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, चक्कर. फिरत्या शौचालयांची जागा मुक्कामाला पोचल्यावर आधी हेरायची आणि सगळ्यांना सांगायची, हे काम तिने दिंडीच्या व्यवस्थेत घालून घेतलं. माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम हेच.

टँकरच्या पाण्याचा प्रश्न रोजचा. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम टीसीएल बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ टँकरमध्ये ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. ओ.टी. चाचणीत, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासण्याच्या चाचणीत, पिवळसर रंग आला तर पाणी प्यायचं. उघड्या डब्यातली जुनी पावडर कितीही टाकली तरी रंग येत नाही, कारण तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. जुलाबावर ओ.आर.एस. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, सगळं एकदम. लोक ते पेलाभर पाण्यात ओततात. मग ते फार खारट होतं, उलटी होते, जुलाब वाढतात. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं.

वाखरीला शेवटची मोठी रांग लागते. उघडी जखम घेऊन चंद्रभागेत उतरायचं नाही, असं ती तिथे प्रत्येकाला सांगायची. लोकांना ते फार जड जायचं. तीर्थ डोक्यावर शिंपडून घ्या, पांडुरंगाला तेवढं चालतं, असं म्हणत ती पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून द्यायची.

परतीच्या एस.टी.त बसण्याआधी मधुमेह्यांना आणि पू झालेल्यांना तिच्याकडून चिठ्ठी मिळायची: जखम कोणत्या पायाला, किती मोठी, कधीपासून, काय लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं. ती चिठ्ठी त्यांनी गावच्या आरोग्य केंद्रात दाखवायची. आठ दिवसांनी ती घरून प्रत्येकाला फोन लावायची. आजोबा गेल्यानंतरच्या वर्षीही तिने हे फोन चुकवले नाहीत. आता फोन सूनबाई करतात, आणि ज्याची जखम भरलेली नसते त्याच्या नावापुढे वहीत तारीख घालून पुन्हा करतात.